स्वस्ताईच्या यादीत नसलेला रकाना

सध्या मोबाइलवर एक यादी वरचेवर फिरत असते. १९७२ च्या सुमारास दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आसपास होते, सिनेमाचे तिकीट रुपया-दीड रुपयाला मिळे, चहा काही पैशांत येई. शेवटी एक ओळ असते, ‘गेले ते दिवस!’ ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांच्याकडे तिकडचीही अशीच यादी येते. १९७२ साली तिथे एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पेट्रोल ३६ सेंटला होते आणि पत्राचे तिकीट ८ सेंटला. वाचणारा हळहळतो आणि यादी पुढे ढकलतो.

सोन्याचा भाव खरा आहे. पेट्रोलचाही खरा आहे. माझे म्हणणे एवढेच, की या यादीत एक रकाना नसतो. वस्तूची किंमत लिहिलेली असते, पण ती विकत घेणाऱ्या माणसाला मजुरी किती मिळत होती ते लिहिलेले नसते. बाईला किती मिळत होती आणि ती कुणाच्या हातात पडत होती, हे तर कधीच नसते. हा रकाना भरला की स्वस्ताईचे सगळे चित्र बदलते. तो भरायचे काम आता आपण हाती घेतले पाहिजे, कारण तो भरू शकणाऱ्या बाया आज सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. १९७२ मध्ये हिंगोली जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला, तोवर आपण परभणी जिल्ह्यात होतो. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे त्याआधी उभी राहिली होती, पण कालव्याचे पाणी खालच्या बाजूला जाई. वरच्या माळावरच्या गावांतल्या बाईला पाण्यासाठी विहीर किंवा नदीतला झिराच होता. पहाटे जात्यावर दळण, मग पाणी, मग सरपण आणि गोवऱ्या, मग भाकरी, मग शेत. संध्याकाळी रॉकेलची चिमणी. या साऱ्याला यादीत किंमत नाही, कारण त्याचे पैसे कुणीच दिले नव्हते. घरचे पीठ स्वस्त पडत होते, ते गिरणीचे पैसे वाचत होते म्हणून. ते वाचत होते बाईच्या दंडातल्या बळावर.

सरकारच्या दप्तरातही हे कष्ट नव्हते. १९७१ च्या जनगणनेत माणसाचा मुख्य उद्योग कोणता तेवढेच धरले गेले. ज्या बाईने किंवा तिच्या वतीने नवऱ्याने ‘घरकाम’ असे सांगितले, ती शेतात राबत असली तरी कामकरी म्हणून मोजली जाण्याची शक्यता कमी झाली. कागदावर देशातल्या कामकरी स्त्रियांचा आकडा एकदम खाली आला. बाया मात्र होत्या तिथेच, शेतात वाकलेल्या होत्या.

मग दुष्काळ पडला. १९७२ चा खरीप गेला. त्याआधीची दोन वर्षेही मराठवाड्याला धड गेली नव्हती. जुन्या बाया त्या साली खाल्लेल्या गोष्टी अजून बोटांवर मोजून सांगतात. तरोट्याची भाजी, बरबडा, आणि मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी नीट थापता येत नसे आणि चव लागत नसे, हे त्या तोंड वाकडे करूनच सांगतात.

या मिलोची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मिलो अमेरिकेत माणसांसाठी पिकत नसे, ती मुख्यतः गुरांना खायला घालत. पीएल ४८० या करारावर येणारी स्वस्त गव्हाची मदत १९७१ च्या अखेरीस थांबली होती. दुष्काळ पडल्यावर भारताला परदेशी बाजारात धान्य विकत घ्यावे लागले. त्याच सुमाराला, १९७२ च्या उन्हाळ्यात, सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य उचलले होते. जगभर धान्य कडाडले. धान्य कडाडले म्हणून अमेरिकेत गुरांचा खुराक महागला आणि खुराक महागला म्हणून मांस महागले. जे धान्य तिकडे गुरांच्या गव्हाणीत जात होते, तेच इकडे रेशनच्या दुकानातून आपल्या आज्यांच्या काठवटीत आले.

आता अमेरिकेतल्या बाईकडे पाहू. तिकडच्या यादीत निदान मजुरीचा आकडा सापडतो. १९७२ मध्ये तिथली कायदेशीर किमान मजुरी तासाला १ डॉलर ६० सेंट होती. म्हणजे एका तासाच्या कामात चार गॅलन पेट्रोल येत होते. श्रीमंती खरीच. पण तो कायदा सगळ्यांना लागू नव्हता. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि मुले सांभाळणाऱ्या बायांना, ज्यांत काळ्या वर्णाच्या बाया फार मोठ्या संख्येने होत्या, किमान मजुरीचा हक्क मिळाला तो १९७४ साली. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या बाईला पुरुषाच्या एका डॉलरमागे साठ सेंटही मिळत नव्हते. आणि स्वतःच्या नावावर कर्ज मागणाऱ्या विवाहितेला नवऱ्याची सही आणा, असे सांगण्याची पद्धत सर्रास होती. ती बेकायदा ठरवणारा कायदा ऑक्टोबर १९७४ मध्ये झाला.

या बाया गप्प बसल्या नाहीत. मांसाचे भाव हाताबाहेर गेल्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मार्च १९७३ च्या शेवटी कमाल किमती ठरवून दिल्या. तेवढ्याने गृहिणींचे समाधान झाले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देशभरातल्या घरांतून मांस विकत न घेण्याचा बहिष्कार पुकारला गेला. दुकानांपुढे फलक घेऊन बाया उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने त्याची दखल घेतली. घरखर्चाची वही हा राजकारणाचा कागद आहे, हे त्या आठवड्यात अमेरिकेला कळले.

आपल्याकडे मुंबईच्या बायांनी हे त्याआधीच दाखवून दिले होते. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि महागाईविरोधी संयुक्त समिती उभी राहिली. तेल, साखर, रॉकेल, रेशनचे धान्य, अशा घरच्या गोष्टी त्यांनी रस्त्यावर आणल्या. लाटणे मोर्चा निघाला. थाळ्या वाजल्या. चळीतल्या आणि मध्यमवर्गीय घरांतल्या, कधी मोर्चा न पाहिलेल्या बाया हातात लाटणे घेऊन मंत्र्यांच्या दारात गेल्या. पुढे ऑक्टोबर १९७३ पासून अरब देशांनी तेल रोखले, तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले आणि आपल्याकडची महागाई आणखी भडकली. १९७३-७४ मध्ये देशातल्या घाऊक किमती वीस टक्क्यांनी वाढल्या, पुढच्या वर्षी पंचवीस टक्क्यांच्या आसपास. स्वस्ताईच्या याद्या ज्या काळाच्या, तो काळ प्रत्यक्षात असा होता.

अमेरिकेतली गृहिणी बातमीत आली. मुंबईची लाटणेवाली बाईही बातमीत आली, आणि त्या दोघींचा हक्कच होता. पण तेव्हाच आपल्या भागातली बाई कुठे होती?

ती खडी फोडत होती. ती नाला बंडिंगवर, पाझर तलावावर, रस्त्याच्या कामावर होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. मजुरी मोजमापावर मिळे. दिवसाकाठी ती दोन-तीन रुपयांच्या घरात पडे. जोडीला सुकडी. आता यादीतल्या सोन्याकडे परत पाहा. दोनशे रुपये म्हणजे अडीच रुपये रोजाने ८० दिवसांची मजुरी, तीही तोंडात एक घास न घालता. ते सोने स्वस्त होते, पण कुणासाठी? ज्याच्याकडे पगार किंवा जमीन होती त्याच्यासाठी. उलट दुष्काळात याच बायांच्या अंगावरचे किडुकमिडुक सावकाराकडे गेले. दोनशे रुपये तोळा हा त्यांच्यासाठी विकत घेण्याचा भाव नव्हता, विकण्याचा होता.

तरीही दुष्काळी कामाने एक गोष्ट घडवली, ती नीट पाहिली पाहिजे. शेती असलेल्या घरांतल्या ज्या बायांनी आजवर फक्त घरच्या रानात बिनपैशाचे काम केले होते, त्या पहिल्यांदा हजेरीपटावर आल्या. त्यांच्या नावापुढे अंगठा उठला. कधी एकमेकींच्या दारातही न गेलेल्या वेगवेगळ्या जातींच्या बाया एकाच ढिगाऱ्यापाशी बसून खडी फोडू लागल्या. भाकरी मात्र बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या सावलीत बसूनच सुटत होती. पाण्याच्या घागरीला जात होती, म्हणून तर त्याच काळात डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव न्यावी लागली. मजुरीही सगळीकडे बाईच्या हातात पडली असे नाही. टोळीचे किंवा जोडीचे मोजमाप होई आणि पैसे अनेकदा पुरुषाच्या हाती दिले जात. पण जिच्या हातात ते पडले तिला ते आजही आठवतात. गटाच्या बैठकीत म्हाताऱ्या बाया त्या रुपयांविषयी बोलतात तेव्हा नोटेचा रंगसुद्धा सांगतात. बाकीच्या आयुष्यात किती कमावले ते त्यांना सांगता येत नाही, कारण ते कधी मोजलेच गेले नाही.

त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगाचा पाया तिला होता. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, बाई-पुरुष भेद न करता मजुरीचा एकच दर, कामावर पाणी, सावली आणि पाळणाघर. शहरातल्या पगारदारांकडून यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा कायदा मंजूर केला. एवढी वर्षे या विषयावर चर्चा, समित्या, पुस्तके झाली. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात मीही हे सारे शिकले. योजना कुणी आणली, निधी कुठून आला, हे परीक्षेला लिहिले. ज्या बायांच्या हातांनी ती योजना आधी जमिनीवर उतरली, त्यांचे म्हणणे काय, असा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

करमणुकीचीही अशीच दोन चित्रे आहेत. त्या वर्षांचे नाव काढले की लोक ‘सोंगाड्या’ आणि ‘पिंजरा’ आठवतात. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ चा, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. पुरुष सायकलवर, बैलगाडीने तालुक्याला जाऊन सिनेमा पाहत. तमाशाचा फड आला की रात्र रात्र जागत. या करमणुकीच्या मध्यभागी बाईच होती, नाचणारी, मास्तराला नादी लावणारी. पण समोर बसलेल्यांत बाया क्वचितच होत्या. तमाशाला गेलेली बाई म्हणजे नाव खराब. बाईच्या वाट्याला औंढ्याची महाशिवरात्रीची जत्रा, हिंगोलीचा दसरा, नर्सीचे नामदेवाचे दर्शन, पंचमीचा झोका, आणि जात्यावरची ओवी. तीही काम करता करता.

ती ओवी तरी वाचली, कारण पुढे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जाते बंद पडले, आणि कुणी विचारले नसते तर त्या ओव्या बायांबरोबरच गेल्या असत्या. दुष्काळी कामाच्या आठवणींचे आज नेमके तेच होते आहे.

बातम्यांचे काय? परभणीचे आकाशवाणी केंद्र होते, औरंगाबादहून अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ येत होता. रेडिओ असलाच तर चावडीत किंवा पाटलाच्या ओट्यावर, जिथे बाईने थांबायचे नसते. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झाले, ते आपल्या गावांना पुढची कितीतरी वर्षे दिसले नाही. बांगलादेशाचे युद्ध, ‘गरिबी हटाव’, अमेरिकेतले वॉटरगेट, हे सारे पुरुषांच्या बोलण्यातून अर्धेमुर्धे घरात येई.

आणि बायांच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी मात्र घरात आल्याच नाहीत. पहिली, गर्भपाताचा कायदा. १९७१ मध्ये संसदेने तो केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क दिला जानेवारी १९७३ मध्ये, आपल्यानंतर. तिथे या निकालावर पन्नास वर्षे रण माजले आणि जून २०२२ मध्ये न्यायालयाने तो मागे घेतला. आपल्याकडे कायदा शाबूत राहिला, पण तो आहे हे ठाऊक नसलेल्या बाया मला आजही भेटतात. दुसरी गोष्ट मथुराची. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, तेव्हा कुठे देशाला मथुरा कळली. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. म्हणजे १९७२ ची ही बातमी बातमी व्हायला सात वर्षे लागली.

काही जण म्हणतील, जुने उकरून काय मिळणार? आजच्या महागाईचे बोला. मला वाटते, आजच्या महागाईबद्दल बोलण्यासाठीच हे हवे. आजही भाव मोजले जातात ते बाजारातले. गॅसची टाकी परवडत नाही म्हणून सरपणाला लागलेले तास, तेल महागले म्हणून कोरडी भाजी आधी कुणाच्या ताटात पडली, ऊसतोडीला जाताना घरी ठेवलेल्या मुलीची सुटलेली शाळा, हे अजूनही कुठल्या रकान्यात नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा रकाना कोरा राहिला तसाच आजचाही राहील.

आणि हा हक्काचाही प्रश्न आहे. ज्या बाईने विशीत पाझर तलावासाठी माती वाहिली, ती आज श्रावणबाळ योजनेच्या पंधराशे रुपयांसाठी तहसीलच्या ओट्यावर बसते. हा दर जुलै २०२३ पासूनचा. तिथे तिला लाभार्थी म्हणतात. जणू काही तिने आयुष्यभर घेतले आणि दिले काहीच नाही! त्या तलावाचे पाणी गाव अजून पिते, त्या रस्त्याने आपण दवाखान्यात जातो. तिचे काम लिहिलेले असते, तर तिला लाभार्थी म्हणताना कुणाची तरी जीभ अडखळली असती.

म्हणून एक सुचवते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, प्रत्येक तालुक्यातल्या आपल्या गटांनी येत्या तीन महिन्यांत गावातल्या पाच तरी म्हाताऱ्या बायांना भेटायचे. त्यांना मोठे प्रश्न विचारू नका. १९७२ ला कामावर कुठे गेलात? चालत किती वेळ लागे? लेकरू कुणाजवळ ठेवले? हातात किती पडले, आणि कुणाच्या हातात? त्यातून सगळ्यात आधी काय आणले? मिलो किती दिवस खाल्ली, आणि घरात शेवटी कोण जेवले? उत्तरे त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि नाव छापायचे की नाही ते त्यांनाच विचारा. मग ग्रामसभेत मागणी करा, की ज्या तलावावर किंवा रस्त्यावर या बाया राबल्या तिथे पाटी लावा, आणि पाटीवर पुढाऱ्याच्या नावाआधी लिहा, हे काम गावातल्या बायांनी केले.

घाई एवढ्याचसाठी करायची, की १९७२ मध्ये वीस वर्षांची असलेली बाई आज चौऱ्याहत्तरीला पोहोचली आहे. पुढच्या दुष्काळापर्यंत थांबलो, तर विचारायला कुणी उरणार नाही.